पोट नक्की कुठे असतं? उदर आणि पचनसंस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. वर्गात येतात त्याहून जास्त प्रश्न वर्गाबाहेर येतात: लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या जिन्यात. दहातले आठ पोटाबद्दल. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. यात औषधं नाहीत. पोटात काय, कुठे आणि कशासाठी आहे, एवढंच आहे.

पोट आणि जठर एकच ना?

नाही. आणि निम्मा घोटाळा इथेच होतो. मराठीत 'पोट' हा एकच शब्द इतका राबतो की बिचाऱ्याला अर्थच उरत नाही. पोट सुटतं तेव्हा ती चरबी असते. पोट भरतं तेव्हा जठर. पोट साफ होत नाही तेव्हा मोठं आतडं. बाई पोटुशी असते तेव्हा गर्भाशय. आणि कुणी पोटावर पाय दिला तर ती नोकरी.

शरीरशास्त्रात पोट म्हणजे उदर: वर श्वासपटलापासून (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली ओटीपोटापर्यंतची पोकळी. जठर ही त्या पोकळीतली एक पिशवी, आणि तीसुद्धा बेंबीपाशी नाही. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलींना सांगते, "जठरावर हात ठेवा." बहुतेक हात बेंबीवर जातात. खरं जठर बरंच वर असतं, छातीच्या मधल्या हाडाखालच्या खळग्यापासून डावीकडे, निम्मंअधिक बरगड्यांच्या आड. रिकामं असताना ते मिटलेल्या पिशवीसारखं असतं. भरपेट जेवणानंतर त्यात लिटर-दीड लिटर सहज मावतं.

शब्दांचा असाच गोंधळ काळजाचा. मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो यकृत तोलून देतो. घरी येऊन आपण म्हणतो काळीज धडधडतंय, तेव्हा ते हृदय. मटणवाल्याचं बरोबर आहे.

पोटात कुठे काय आहे हे लक्षात कसं ठेवायचं?

बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार चौकोन होतात. वरच्या उजव्या चौकोनात यकृत आणि त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेलं पित्ताशय. वरच्या डाव्यात जठर, आणि त्याच्या मागे-बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा. खालच्या उजव्यात मोठ्या आतड्याची सुरुवात आणि तिला लोंबणारं अपेंडिक्स. खालच्या डाव्यात मोठ्या आतड्याचा शेवटचा नागमोडी भाग. बायकांना खालच्या दोन्ही चौकोनांत खोलवर एकेक अंडाशय. पुस्तकात चाराऐवजी नऊ चौकोन असतात, पण घरगुती कामाला चार पुरतात.

उजवं म्हणजे रुग्णाचं उजवं, बघणाऱ्याचं नव्हे. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क यावर जातात.

काही अवयव या चौकोनांच्या मागे, पाठीला टेकून असतात. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, म्हणून त्याचं दुखणं पाठीत आरपार जातं. मूत्रपिंडं तर आणखी मागे असतात. यकृताने वरून जागा अडवल्यामुळे उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरासं खाली बसतं. मुतखड्याची कळ कमरेत सुरू होऊन जांघेकडे उतरते ती याच मागच्या बाजूने. क्वचित एखाद्याचं सगळंच आरशातल्यासारखं उलट असतं, यकृत डावीकडे आणि जठर उजवीकडे. तो माणूस तसा ठणठणीत असतो. धक्का बसतो तो सोनोग्राफी करणाऱ्याला.

खाल्लेला घास बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो?

साधारण एक ते तीन दिवस. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, कारण जेवून उठल्या उठल्या संडासला जाणारी माणसं प्रत्येक घरात असतात. पण ते आत्ताचं जेवण नसतं, परवाचं असतं.

पचन तोंडात सुरू होतं. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा कोरडाच तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता दोन-तीन मिनिटं चावत राहा. हळूहळू तो गोड लागायला लागतो. लाळेतलं पाचकद्रव्य पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून साखर मोकळी करतं, त्याची ती गोडी. लाळ दिवसाला लिटर-दीड लिटर सुटते.

पुढे अन्ननलिका, सुमारे २५ सेंटिमीटर. घास तिच्यातून पडत नाही, ढकलला जातो. नळीचे स्नायू घासाच्या मागून आवळत येतात, म्हणून शीर्षासनातही गिळता येतं. या प्रवासाला दहाएक सेकंद लागतात. जठरात दोन ते चार तास, तुपातलं-तळलेलं असेल तर जास्त. लहान आतड्यात चार-सहा तास. आणि मग मोठ्या आतड्यात सगळा निवांत कारभार, तिथे एक-दोन दिवसही जातात. स्वतःचा वेळ मोजायचा असेल तर मक्याचं कणीस खा आणि दाणे कधी दिसतात ते पाहा. बीट खाल्लं तर मात्र लाल रंग बघून घाबरू नका.

जठरातलं आम्ल एवढं जहाल असतं, मग जठर स्वतः का पचून जात नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, लिंबाच्या रसापेक्षा तीव्र. त्याच्या जोडीला मांस पचवणारं पेप्सिन. जठराची भिंत स्वतः मांसाचीच. तरी ती टिकते, कारण आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि त्यात सोड्यासारखा क्षार मिसळलेला असतो. आम्ल भिंतीपर्यंत पोचण्याआधीच मारलं जातं. शिवाय अस्तराचा वरचा थर काही दिवसांत झडून नवा येतो.

हे सगळं डोळ्यांनी पाहायची संधी एका डॉक्टरला मिळाली ती अपघाताने. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराचं भोक आणि पोटाच्या कातडीचं भोक एकमेकांना चिकटून भरलं. म्हणजे बाहेरून जठरात बघता येईल अशी खिडकीच झाली. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा बांधून त्या खिडकीतून आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून बघत. १८३३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अन्न जठरात कुजत नाही, दळलंही जात नाही, रसाने रासायनिक रीतीने पचतं, हे त्यातून पक्कं झालं. सेंट मार्टिनला या प्रयोगांचा भयंकर वैताग होता, तो पळूनही गेला होता. पोटाला भोक असलेला हा माणूस डॉक्टरच्या मागे सत्तावीस वर्षं जगला.

संरक्षक थर हरतो तेव्हा अल्सर होतो. तिखट आणि काळजी हीच त्याची कारणं, असं डॉक्टरही फार काळ मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू चक्क पिऊन दाखवला आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी परस्पर दुकानातून आणून उपाशीपोटी घेतल्या जातात त्याच.

आतडी खरंच कितीतरी मीटर लांब असतात का? आणि मावतात कशी?

लहान आतडं सुमारे सहा मीटर, मोठं दीड मीटर. जिवंत माणसात स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे लहान आतडं मोजताना कमी भरतं. मृत्यूनंतर ते सैलावतं. म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात.

पण मला चकित करतं ते सुश्रुताचं माप. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषाची आतडी साडेतीन व्याम लांब म्हटली आहेत, स्त्रीची अर्ध्या व्यामाने कमी. व्याम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर, आपल्या कोळ्यांचा वाव. मध्यम उंचीच्या माणसाचा वाव पावणेदोन मीटरच्या आतबाहेर. साडेतीनने गुणलं की सहा मीटर होतात. आपल्याकडे साडेतीनचं वेड जुनंच, साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, पण हा साडेतीन मोजून आलेला दिसतो. त्याच ग्रंथात प्रेत गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि मग वाळ्याच्या कुंचल्याने थर थर खरवडून आत पाहायचं, अशी रीत सांगितली आहे. वर्गात मी नायलॉनची दोरी घेते आणि एका मुलीला साडेतीन वाव मोजायला लावते. ती जमिनीवर पसरल्यावर जी शांतता होते ती कोणत्याही तक्त्याने होत नाही.

आता मावतात कशी. नऊवारीच्या निऱ्या आठवा. कमरेपाशी मुठीत धरलेल्या असतात, खाली गेल्यावर केवढा घेर होतो. लहान आतडं असंच एका पातळ पडद्याला लटकलेलं असतं, त्याला आंत्रबंध म्हणतात. पाठीकडे तो जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीत चिकटलेला, म्हणजे वीतभरही नाही, आणि पुढच्या कडेला सहा मीटर आतडं धरून ठेवतो. रक्तवाहिन्या आणि नसा याच पडद्यातून येतात. म्हणून आतडी मोकळी हलतात पण गुंतत नाहीत. क्वचित गुंतली, पीळ पडला, तर रक्तपुरवठाच तुटतो. 'आतड्याला पीळ पडला' असं आपण दुःखात म्हणतो; खरा पीळ पडला तर काही तासांत ऑपरेशन टेबल गाठावं लागतं.

आतल्या बाजूला आणखी एक युक्ती आहे. घरी वजडी साफ केली असेल तर टर्किशच्या टॉवेलसारखं अस्तर हाताला लागलं असेल. ते बोकडाचं जठर, त्याची रचना निराळी, पण स्पर्शावरून कल्पना येते. आपल्या लहान आतड्याचं अस्तर असंच लवदार असतं, फक्त लव मिलिमीटरभर किंवा त्याहून आखूड. घड्या, घड्यांवर लव, लवेवर आणखी सूक्ष्म लव. या सगळ्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं, असं आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलंही. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नीट मोजलं तर ते बॅडमिंटन कोर्टाच्या अर्ध्याएवढं भरलं, तीस-चाळीस चौरस मीटर. बॅडमिंटनचं एक जुनं नाव 'पूना' होतं, हे कळल्यावर पुण्याच्या मुली या दुरुस्तीवर खूश असतात.

मोठं आतडं दाराच्या चौकटीसारखं: उजवीकडून वर, आडवं, डावीकडून खाली. त्याचं मुख्य काम पाणी परत ओढणं. आपण पितो ते आणि शरीर स्वतः सोडतं ते रस धरून रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो, बाहेर जातो जेमतेम वाटीभर. जुलाबात हे गणित बिघडतं, म्हणून माणूस एका रात्रीत सुकतो. अशा वेळी साखर-मीठ-पाणी द्यायचं ते यासाठी की साखर आत शिरताना मीठ सोबत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं.

गॅस डोक्यात चढतो का?

नाही. चढायला वाटच नाही. पचनमार्ग ही तोंडापासून गुदद्वारापर्यंतची बंद नळी आहे आणि तिला दोनच दारं आहेत. वायू काही प्रमाणात रक्तात विरघळून श्वासावाटे जातो, पण पोटातला गुबारा पाठीतून, खांद्यातून डोक्यात जाऊन बसत नाही.

गॅस होतो दोन प्रकारे. एक, गिळलेली हवा, चहा फुरके मारत पिताना वगैरे. दोन, मोठ्या आतड्यातले जिवाणू. वाल, पावटा, हरभरा यांत काही साखरा अशा असतात की त्या तोडायचं पाचकद्रव्य आपल्याकडे नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणूंची पंगत बसते. कडधान्य भिजवून ते पाणी फेकलं तर त्रास कमी होतो. नळ फुगले, नळ भरले असं आजी म्हणायची, तिचे नळ म्हणजे हीच आतडी.

इथे थोडं गंभीर. हृदयाचा खालचा पृष्ठभाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि पटलाच्या लगेच खाली जठर. दोघांच्या वेदना एकाच भागात जाणवू शकतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, विशेषतः मधुमेह असेल तर, छातीखाली दाबल्यासारखं वाटतंय, घाम सुटलाय, डावा हात किंवा जबडा जड झालाय, तर सोडा-लिंबू पाजत बसू नका. आधी ईसीजी काढा. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी ओवा खाऊन दोन तास घालवले. ते वाचले, पण हृदयाचा तेवढा तुकडा गेला तो गेलाच.

भूक लागली की पोटात कावळे का ओरडतात?

जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी एक झाडूची लाट येते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. आत अन्न नसतं, हवा आणि पाणी असतं, म्हणून आवाज घुमतो. भरल्या पोटातही आवाज होतोच, फक्त दबतो. स्टेथोस्कोप लावून डॉक्टर तोच ऐकतात. शांत पोट चांगलं नसतं.

बेंबी सरकते का? आणि बेंबीत तेल घातल्याचा फायदा?

बेंबी म्हणजे नाळ तुटल्याची खूण. जन्मानंतर आतल्या रक्तवाहिन्या बंद होतात, त्यातली एक दोरीसारखी होऊन यकृताकडे जाते. आतड्यांशी बेंबीचा संबंध उरत नाही, त्यामुळे सरकायला काही नाही. मग बेंबी बसवणारे अंगठ्याने काय चाचपतात? महाधमनीचे ठोके. ही मोठी रक्तवाहिनी पाठीच्या कण्यापुढून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीला दोन पायांसाठी दुभंगते. बारीक माणसाला, ज्याचं पोट पाठीला लागलंय अशाला, ठोके स्पष्ट लागतात. श्वास, जेवण, आडवं पडणं यानुसार ते इकडे-तिकडे जाणवतात. दुखणं बहुतेक वेळा आपोआप थांबणारंच असतं, त्यामुळे श्रेय अंगठ्याला मिळतं. माझी हरकत फक्त एका गोष्टीला आहे, आणि ती पुढच्या उत्तरात येते.

तेलाचं म्हणाल तर बेंबीतून शरीरात जाणारं भोक नाही. कातडी मऊ होईल एवढंच.

अपेंडिक्सचं दुखणं ओळखायचं कसं?

अपेंडिक्स, मराठीत आंत्रपुच्छ, करंगळीएवढी आंधळी नळी. सुजली की आधी दुखतं ते बेंबीभोवती, मोघम. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि एका बोटाने दाखवता येतं. याचं कारण मज्जातंतूंत आहे. आतड्यांच्या स्वतःच्या नसा नेमकी जागा सांगत नाहीत. अपेंडिक्सच्या नसा मणक्यात जिथे शिरतात तिथेच बेंबीच्या कातडीच्या नसाही शिरतात, म्हणून मेंदू बेंबी दुखतेय असं समजतो. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे उदरावरणाला लागली की मग खरा पत्ता कळतो, कारण त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्या चोख असतात. कमरेच्या हाडाचं पुढचं उजवं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ काढा. हाडाकडून एक तृतीयांशावरचा बिंदू, तो मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये सांगितला. आजही डॉक्टर तिथेच बोट ठेवतात.

अशा वेळी पोट चोळायचं नाही, एरंडेल द्यायचं नाही, बेंबी बसवायची नाही. सुजलेली नळी फुटली तर आतला पू पोटभर पसरतो.

पुण्याला या ऑपरेशनचा एक किस्सा आहे. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला.

पित्त झालंय म्हणजे नक्की काय?

मराठीत पित्त तीन आजारांना लागू होतं. छातीत जळजळ, ते जठरातलं आम्ल. अंगावर गांधी उठून आपण आमसुलाचं पाणी लावतो, ती ॲलर्जी. डोकं ठणकून उलटी होते ती बहुतेक वेळा अर्धशिशी. तिन्हींत खऱ्या पित्ताचा दोष नाही.

खरं पित्त हिरवट-पिवळं आणि कडू. यकृत ते रोज अर्धा ते एक लिटर करतं, पित्ताशय ते आटवून तीस-पन्नास मिलिलिटरमध्ये साठवतं आणि तुपकट जेवण आलं की पिळतं. साबणाने तेलकट तवा निघतो तसं पित्त चरबीचे बारीक थेंब करतं. उलटी आंबट असेल तर आम्ल, कडू असेल तर पित्त. विष्ठेचा तपकिरी रंग पित्ताच्याच रंगद्रव्याचा. पित्तनळी अडली की विष्ठा पांढुरकी, लघवी गडद आणि डोळे पिवळे. पित्ताशयातल्या खड्याची कळ उजव्या बरगडीखालून उजव्या खांद्यापर्यंत जाते. पित्ताशय काढलं तरी माणूस व्यवस्थित जगतो, पित्त थेट आतड्यात ठिबकत राहतं.

पाणथरी पचनाचं काहीच करत नाही, शेजारधर्म म्हणून तिथे बसली आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडायचं काम तिचं. वारंवार मलेरिया झाला की ती वाढून बरगडीखाली हाताला लागते.

वामकुक्षीला शास्त्रीय आधार आहे का?

डाव्या कुशीला आहे. अन्ननलिका जठराला वरून, उजव्या अंगाने मिळते आणि जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डावीकडे वळलं की आम्ल त्या फुगीर भागात खाली साठतं, तोंड वर राहतं. उजवीकडे वळलं की उलट. छातीत जळजळ असणाऱ्यांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. मात्र जेवल्याबरोबर आडवं होणं कुठल्याही कुशीवर बरं नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायला आधार आहे का, ते पुण्याच्या दुकानदारांना विचारा.

सकाळी चहा घेतल्याशिवाय होत नाही. ही सवय वाईट का?

मुळीच नाही. जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा निरोप जातो, सकाळी तो सगळ्यात जोरदार. गरम चहा निमित्त. निरोप आला की जावं, 'नंतर बघू' म्हटलं तर तो विरून जातो आणि मळ कोरडा होत राहतो. उकिडवं बसल्यावर गुदाशयाभोवतीचा स्नायूचा फास सैल होऊन वाट सरळ होते, म्हणून जुन्या पद्धतीचं भांडं सोयीचं. कमोडवर पायाखाली छोटा पाट घेतला तरी चालतं.

सोनोग्राफीला उपाशी बोलावतात आणि वर पाणी प्यायला लावतात. नक्की काय करायचं?

दोन वेगळे हेतू आहेत. खाल्लं नसेल तर पित्ताशय भरलेलं राहतं आणि आतले खडे दिसतात. शिवाय गॅस कमी असतो. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, गॅस म्हणजे त्यांच्यापुढे भिंत. पाण्यातून मात्र मस्त जातात, म्हणून ओटीपोट बघताना मूत्राशय भरून घेतात. ते आतड्यांना वर सारतं आणि मागचं गर्भाशय किंवा प्रोस्टेट दाखवतं. चहा-दूध नको, साधं पाणी चालतं. नंबर लांबला तर काउंटरवर सांगून मोकळं व्हा आणि पुन्हा प्या. दारात तडफडत बसलेल्या आजी पाहवत नाहीत.

पोट सुटलंय, पण वजन बरोबर आहे. काळजी करायची का?

करायची. पोटाची चरबी दोन जागी असते. चिमटीत येते ती कातडीखालची. दुसरी आत, आतड्यांभोवती आणि आतड्यांपुढे एप्रनसारख्या लोंबणाऱ्या पडद्यात. मधुमेह-रक्तदाबाशी जास्त संबंध हिचाच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडून. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही मर्यादा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते.

खोकलं की जांघेत गाठ येते, झोपलं की जाते. काय असेल?

बहुधा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं किंवा चरबी डोकावते. पुरुषांमध्ये जास्त, कारण वृषण जन्माआधी जिथून खाली उतरतं ती वाट थोडी कच्ची राहते. पट्टा बांधून भोक बुजत नाही. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना.

मुलाने चिंचोका गिळलाय. झाड येईल का, हे तो विचारतोय.

येणार नाही. एक-दोन दिवसांत बाहेर पडेल. च्युइंगमचंही तेच. बटणासारखा सेल किंवा लोहचुंबक गिळला असेल तर मात्र वाट बघायची नाही. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भाजतो.

"कुठे दुखतंय?" विचारलं की लहान मुलं बेंबीवरच बोट का ठेवतात?

शाळा बुडवायची असते म्हणून, असं आपण म्हणतो, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण लहान आतड्याचं सगळं मोघम दुखणं बेंबीभोवतीच जाणवतं, त्यामुळे मूल खोटंच बोलतंय असं नाही. शिवाय पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, दहा कोटींहून अधिक पेशींचं, आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो खरोखर येतो. बोट बेंबीपासून जितकं लांब जाईल तितकं लक्ष जास्त द्यायचं. मुलाला उडी मारायला सांगा: हसत मारली तर दप्तर भरा. मारता आली नाही, दुखण्याने रात्री झोपेतून उठवलं किंवा उलटी हिरवी झाली, तर डॉक्टरकडे.